हैबतीनं पोहोचवलेली बॅट

नदीवर पूल नव्हता, पलीकडच्या गावाला जायचं तर कपडे डोक्याला बांधून पोहत जावं लागे, त्या काळची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते गेले, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली तेही आता काठी टेकत चालतात. तेव्हा जशी आली तशी ऐका. खरी का खोटी ते आपापल्या घरी जाऊन ठरवा.

कुरणी नावाचं गाव. गावाच्या अंगाला नदी, नदीच्या काठाला वाळुंजाची झाडं. त्यांच्या अलीकडे मोकळा माळ, आणि माळाच्या कडेला हैबती सुताराची छपरी. त्या काळी संस्थानच्या राजेसाहेबांना क्रिकेटचा नाद लागला होता, आणि राजाला नाद लागला की प्रजेला लागायला फार दिवस जात नाहीत. गावोगाव खेळपट्ट्या झाल्या. ज्यांना धड मोट हाकता येत नव्हती तेही चेंडू कसा टाकायचा यावर पारावर बसून भांडू लागले.

हैबती आधी नांगर करी, तिफणी करी, गाडीची चाकं करी. पण नाव झालं ते बॅटींनी. वाळुंजाचं लाकूड हलकं आणि मऊ, चेंडू लागला तर थरथरत नाही, हे त्याच्या आधी त्या मुलखात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याची बॅट घेऊन उतरलेला माणूस लवकर परत येत नाही, असं म्हणतात.

पण हैबतीकडे बॅट विकत मिळत नसे, ती करून घ्यावी लागे. आधी लाकूड अख्खा उन्हाळा वाळणार. मग हैबती गिऱ्हाइकाला नदीवर नेणार, ओल्या वाळूत अनवाणी उभं करणार आणि हातात नुसती काठी देऊन म्हणणार, "हान." माणूस हवेत फटके मारून घामाघूम व्हायचा. हैबती त्याच्या हाताकडे बघतसुद्धा नसे. तो बाजूला झाला की खाली बसून वाळूतले पाय बघायचा, कुठे टाच रुतली, कुठे चवडा फिरला ते. लोक विचारायचे, आरं, बॅट हाताची का पायाची? हैबती म्हणायचा, "हा हुबा कुठं ऱ्हातो ते मला बघायचंय. मारतो कसा ते त्याचं त्यो बघंल."

बॅट घडवून झाली, जवसाचं तेल पाजून झालं, तरी काम संपत नसे. नव्या बॅटीचं तोंड लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून घट्ट करावं लागतं, नाहीतर पहिल्याच चेंडूला ती फुटते. आणि इथे हैबतीचा एक कडक नियम होता. ज्याची बॅट, ठोकायची त्यानंच. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. ठोकताना तोंडातून जे निघतं ते लाकडात जातं, असं त्याचं म्हणणं.

लोक हसले. पण येसबा नावाचा एक गडी होता, त्याचं मेहुण्याशी बांधावरून वाकडं होतं. त्यानं बॅट ठोकताना रोज मेहुण्याला शिव्या घातल्या. पुढे तो कुठल्याही बाजूला मारो, चेंडू जायचा तो मेहुण्याच्या कौलांवर. शेवटी मेहुण्यानं घराला पत्रे घातले, तर चेंडू दारातून आत जाऊ लागले. तेव्हापासून गावात बॅट ठोकताना कोणी तोंड उघडेना.

बायजाबाई म्हणून एक बाई होती. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, शिदू. उंच, सडपातळ, लाजरा. चेंडू येण्याआधी उजवी टाच जमिनीवर घासायची त्याला खोड होती. त्या खोडीवरून त्याला सगळे चिडवत, आणि तो चिडण्याऐवजी पुन्हा एकदा टाच घासून दाखवी. त्यानं हैबतीकडे बॅट सांगितली. वाळूत उभा राहिला, पाय उमटवले, आणि "सुतारकाका, मी येतो न्यायला," असं म्हणून गेला.

भाद्रपदात नदीला लोंढा आला. म्हैस पाण्यात शिरली म्हणून शिदू तिच्या मागे शिरला. म्हैस खालच्या अंगाला काठाला लागली. शिदू लागला नाही. गावानं दूरपर्यंत दोन्ही काठ धुंडाळले. काही मिळालं नाही.

पुढे काही दिवसांनी बायजाबाई भर दुपारची हैबतीच्या छपरीत आली. फळीवर शिदूची बॅट तयार होऊन पडली होती, पुढे काय करावं हे न सुचल्यामुळे हैबतीनं ती तशीच ठेवली होती. बाई म्हणाली, "भावजी, त्याला यायला उशीर झालाय. तो येईस्तवर मी ठोकून ठेवते."

हैबतीला नाही म्हणायचं होतं. ज्याची बॅट त्यानं, हा नियम त्यानंच घातलेला. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून कोणाला नाही म्हणवलं असतं? त्यानं मोगरी तिच्या हातात दिली आणि स्वतः उठून रंध्याचं काम घेऊन बाहेर बसला.

मग ती रोज येऊ लागली. दुपारी गाव जेवून आडवं झालं की छपरीतून आवाज यायचा, टक्, टक्, टक्. मोगरी जोरानं कधी पडली नाही. झोपलेल्याला थोपटावं तशी ती ठोकायची, आणि प्रत्येक ठोक्याला म्हणायची, "थांब, बाळा. जाऊ नगंस. थांब." पुढचा उन्हाळा लागेपर्यंत हे चाललं. बॅटीचं तोंड आरशासारखं गुळगुळीत झालं, असं म्हणतात. मग एक दिवस तिनं मोगरी खाली ठेवली, बॅट उचलून फळीवर ठेवली आणि म्हणाली, "झाली. आता येऊ दे त्याला."

हैबतीनं त्या बॅटीवर पोतं टाकलं. तिच्याकडे बघवत नसे त्याला.

चैत्रात भैरोबाची जत्रा. जत्रेला कुरणी आणि नदीपलीकडचं पिंपळदरी यांचा सामना व्हायचा. कुरणीचा म्होरक्या होता मुकिंदा. हौशी गडी, नवं लग्न झालेलं, बायको हौसा. त्याला हैबतीच्या पद्धतीचा कंटाळा. एक बॅट घ्यायला उन्हाळा घालवायचा, वाळूत नाचायचं, मुकाट बसून ठोकत राहायचं, कोणी सांगितलंय? तो सरळ शहरात गेला आणि दुकानातून तयार बॅट घेऊन आला. पांढरीशुभ्र, तोंडाला चकचकीत चित्र, मुठीला लाल रबर. गावभर मिरवली. हैबतीच्या छपरीपुढे येऊन मुद्दाम फिरवून दाखवली आणि म्हणाला, "बाबा, दुकानात गेलो, हातात घेतली, घेऊन आलो. पाय बिय कुनी बगितलं न्हाईत."

हैबती खाली मान घालून रंधा मारत राहिला. पण लागलं त्याला. इतकी वर्षं ज्याच्या दारात पंचक्रोशी उभी राहायची, त्याला हे मनात सलत राहिलं.

सामन्याच्या दिवशी माळाला चारही बाजूंनी माणसं होती. मुकिंदा खेळायला उतरला, पहिल्या चेंडूला त्यानं बॅट फिरवली आणि ती खालपासून मुठीपर्यंत उभी चिरली. पिंपळदरीची माणसं हसून हसून बसली. कुरणीत बाकीच्यांच्या बॅटी खेळून खेळून झिजलेल्या, उसनी द्यावी अशी एकही धड नव्हती. मुकिंदा धावत छपरीत आला आणि हैबतीला म्हणाला, "बाबा, चुकलो. कुठलीबी दे. गावाची लाज जातीया."

हैबतीच्या छपरीत तयार बॅट कधीच नसायची. त्या दिवशी एकच होती, पोत्याखाली.

तो नाही म्हणू शकला असता. पण बाहेर माळावर ती चकचकीत बॅट दोन फाळक्या होऊन पडली होती, आणि सगळ्या पंचक्रोशीसमोर तिच्या जागी आपली बॅट खेळेल, हा विचार त्याच्या मनात आला. तेवढा एक विचार. त्यानं पोतं बाजूला केलं. मुकिंदानं बॅट ओढून घेतली आणि पळाला.

पुढचा चेंडू आला. त्याआधी मुकिंदानं उजवी टाच जमिनीवर घासली.

कुरणीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. चेंडू बॅटीला लागला, टक् असा हलका आवाज झाला, आणि तो मुकिंदाच्या पायाशी पडून राहिला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. धाव घ्यायला समोरचा गडी ओरडत होता, पण मुकिंदा जागचा हलत नव्हता. पिंपळदरीच्या गोलंदाजांनी जोर लावला, वळवून टाकले, डोक्यावर टाकले. बॅट प्रत्येक चेंडूपुढे आधीच जाऊन उभी असायची. लोक आधी हसले, मग चिडले, मग एकेक करून गप्प झाले. माळावर नुसता तो आवाज राहिला. कुरणीतल्या बायकांना तो ओळखीचा वाटला. उन्हाळा लागेपर्यंत तो त्यांनी रोज दुपारी ऐकला होता.

दिवस मावळला, पंचांनी खेळ संपल्याचं सांगितलं. मुकिंदा तसाच उभा. मित्रांनी जाऊन खांद्याला धरलं, तर खांदा गार, ओला. बॅटीवरची बोटं उघडेनात. हौसा आली, समोर उभी राहिली, "घरी चला," म्हणाली. मुकिंदानं तिच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत.

सकाळी गाव गेलं तेव्हा तो तिथेच होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेले होते, चैत्रातल्या त्या टणक, भेगाळलेल्या जमिनीत, आणि पायांभोवतीची माती ओली होती. हैबतीनं वाकून बॅटीकडे बघितलं. तिच्या कडेला वाळुंजाचा हिरवा कोंब फुटला होता. वर्षानुवर्षं लाकडात हात घातलेल्या माणसाला, वाळून खडखडीत झालेल्या लाकडाला कोंब आलेला पाहून काय वाटलं असेल?  त्यानं लाकूड तासायचा वाकस आणला आणि बॅट मुठीपासून तोडावी म्हणून पातं टेकवलं. पातं टेकताच मुकिंदाच्या तोंडून आवाज निघाला, "आई गं."

तो आवाज मुकिंदाचा नव्हता. माळावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो ओळखला आणि सगळे मागे सरले. हैबतीच्या हातातून वाकस गळला.

आता हे कोण सोडवणार, ते त्याला उमगलं. ज्या हातानं बॅटीत घातलं, त्याच हातानं ते काढलं पाहिजे. पण जिचा मुलगा नदीनं नेला, त्या बाईच्या दारात जाऊन, आता तू तुझ्या तोंडानं त्याला घालव, असं सांगायचं कसं? मुकिंदाचे पाय तासातासाला खाली चालले होते. हौसा हातांनी माती उकरत होती आणि माती पुन्हा भरत होती. हैबती गेला.

"वयनी," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "शिदूची बॅट मी दुसऱ्याला दिली. माझ्या हातनं पाप झालं. तुमी माळावर चला."

बायजाबाई तशीच उठून निघाली. माळावर आली, मुकिंदाला बघितलं, त्याची उभं राहायची ढब बघितली आणि तिचं तोंड उजळलं. ती घरी गेली, भाकरी आणि दही घेऊन आली आणि त्याला भरवायला लागली. तो खातही होता. गाव बघत राहिलं. हैबती म्हणाला, "वयनी, त्यो शिदू न्हाई. हौसाचा मानूस हाय त्यो. तुमी थांब म्हनला, म्हनून थांबलाय. सोडा त्याला."

बायजाबाई म्हणाली, "नदीनं मला इचारलं हुतं का, भावजी?"

 हैबती खाली बसला. हौसा बाईच्या पायाशी येऊन बसली. रडलीही नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, माझा मानूस मला पायजे. पन तुमच्या पोराला जा म्हनायला माझी जीभ उचलंना."

ऊन चढत गेलं. माती मुकिंदाच्या पोटऱ्यांपर्यंत आली. कोंबाला पानं आली. बायजाबाई त्याच्या तोंडावरून पदर फिरवत होती, तेव्हा तो तिच्याकडे न बघता बोलला. शिदू लहानपणी बाजारातून परत येताना बोलायचा, तसा.

"आई, पाय दुकत्यात. लई येळ हुबा हाय मी."

बायजाबाईचा हात जागच्या जागी थांबला.

त्याला उभं कोणी करून ठेवलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. पोटचं पोर दमलं होतं आणि तीच त्याला बसू देत नव्हती.  ती उठली, पदर कमरेला खोचला आणि चेंडू मागितला.

तिनं जन्मात कधी चेंडू टाकला नव्हता. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा तिनं तो खालून सोडला, आणि सोडताना म्हणाली, "जा, बाळा. झालं तुझं. जा आता." चेंडू जमिनीवरून रांगत गेला. इतका हळू की वाटेत थांबतो की काय असं वाटावं. मुकिंदाची मातीत रुतलेली उजवी टाच घासल्यासारखी हलली आणि त्यानं पहिल्यांदाच बॅट वर उचलून वाट दिली. चेंडू मागे अजून उभ्या असलेल्या स्टंपाच्या दांडीला टेकला. वरची कांडी पडली, गडी आउट झाला.

मातीनं पाय सोडले आणि मुकिंदा लाकूड कोसळावं तसा कोसळला. हौसानं त्याला मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले आणि तिला नावानं हाक मारली. पण त्या वेळी त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कोरड्या माळावर, भर दुपारी, खेळपट्टीपासून नदीकडे ओली पावलं उमटत चालली होती. उजव्या पायाची टाच जरा ओढलेली. बायजाबाई त्या पावलांच्या बाजूनं चालत होती. घाईत नाही, मागेही नाही. पाण्याच्या काठाशी ती थांबली. पावलं थांबली नाहीत.

हैबती खेळपट्टीवर पडलेल्या बॅटीजवळ उभा होता. ज्यानं सांगितली होती, त्याच्या हातात ती अजून पडली नव्हती. त्यानं ती उचलली आणि त्याच वाटेनं निघाला. लोकांनी हाका मारल्या, तो थांबला नाही. बायजाबाईच्या बाजूनं तो पाण्यात उतरला. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं, गळ्याशी आलं. तिथे उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी बॅट पाण्याखाली धरली आणि पाण्याकडे बघत काहीतरी बोलला. मग त्यानं हात मोकळे करून वर काढले.

वाळुंजाचं लाकूड कसंही टाका, ते तरंगतं. ती बॅट वर आली नाही. काठावरच्या प्रत्येकानं वाट बघितली. खालच्या अंगालाही कधी कोणाला ती सापडली नाही, असं म्हणतात.

हैबती भिजल्या अंगानं, रिकाम्या हातांनी बाहेर आला. काठावर बायजाबाई उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आलास?"

भावजीला कोणी असं विचारत नाही. आपल्याला विचारलेलं नाही, हे हैबतीला कळलं. तरी तो म्हणाला, "आलो."

त्यानंतर त्यानं बॅटी केल्या, पण छपरीत शिल्लक एकही ठेवली नाही. रोज काम आटोपलं की तो बायजाबाईच्या दारावरून जाई. ती आतून विचारी, "आलास?" आणि तो बाहेरून सांगे, "आलो." मगच ती चुलीपाशी बसायची. ती गेली तोवर त्यानं एकही दिवस चुकवला नाही. तापानं फणफणला होता तेव्हा दोघांनी धरून त्याला तिच्या दारापर्यंत नेलं होतं, असं म्हणतात. ती गेल्यावर तो माळाच्या कडेला बसू लागला, आणि जो कोणी आउट होऊन परत येई त्याला तेच विचारू लागला, "आलास?"

आता हैबतीही नाही आणि ती छपरीही नाही. कुरणीची पोरं आता दुकानातूनच बॅटी आणतात, काहींच्या तर घरपोच येतात. तरी नवी बॅट आली की तिला स्वतःच्याच हातानं ठोकतात, आणि ठोकताना तोंडात पाण्याची गुळणी धरतात, म्हणजे एकही शब्द आत जाऊ नये. पाहुणे संघ आधी हसतात. पण माळावर खेळताना त्यांनाही एक गोष्ट पाळावी लागते. गडी आउट झाला की त्या गावात कोणी ओरडत नाही, टाळ्या पिटत नाही. तो हद्दीपाशी पोहोचला की तिथे बसलेल्यांपैकी जो वयानं मोठा असेल तो हैबतीच्या नावानं त्याला विचारतो, "आलास?"

आणि तो "आलो" म्हणेपर्यंत पुढचा चेंडू कोणी टाकत नाही.